लेकीची गिटार आणि तिसरी पिन

मागच्या जूनमध्ये आमची धाकटी लेक दहावी चांगल्या गुणांनी पास झाली. निकालाआधीच आम्ही तिला शब्द देऊन बसलो होतो की, पहिला वर्ग आणलास तर तू मागशील ते घेऊ. आमची कल्पना होती की पोरगी मोबाइल मागेल, फार तर सायकल मागेल. तिने मागितली इलेक्ट्रिक गिटार.

आता आम्ही पडलो लिपिक. बी.कॉम. झालो, परीक्षा देऊन नोकरीला लागलो, आणि गेली वीसेक वर्षे दुसऱ्यांची बिले तपासण्यात गेली. संध्याकाळी वस्तीतल्या मंडळाचे काम, विहारातली अभ्यासिका, कुणाचा जातीचा दाखला, कुणाची शिष्यवृत्ती. गाण्याबजावण्याशी आमचा संबंध एवढाच की आमचे बाबा एकेकाळी भीमगीतांच्या कव्वाली पार्टीत बँजो वाजवत असत. तो बँजो आमच्या जाणतेपणापासून भिंतीवरच्या खिळ्याला लटकलेला आहे. बाबांनी तो का सोडला हे आम्ही कधी विचारले नाही आणि त्यांनी कधी सांगितले नाही.

लेक दोन वर्षांपासून चुलतभावाच्या जुन्या लाकडी गिटारीवर शिकत होती. तिच्या मनात एक विशिष्ट आवाज बसला होता आणि तो तिने आम्हाला मोबाइलवर ऐकवला. वाजवणारे होते अमेरिकेचे बडी गाय. हे गृहस्थ १९३६ साली लुईझियाना राज्यात जन्मले. आईबाप दुसऱ्याच्या शेतात बटाईने राबणारे. पोरपणी त्यांनी घरातल्या तारा-लाकडाचे वाद्य करून वाजवायला सुरुवात केली. असल्या काळ्या शेतमजुरांच्या लेकरांच्या बोटांतून हा आवाज जगभर गेला. तो आवाज कसा, हे शब्दांत सांगणे अवघड आहे. घंटेसारखा स्वच्छ, काठाला थोडी धार, पण कानाला टोचत नाही. एखादा माणूस अगदी जवळ येऊन स्पष्ट बोलावा तसा. गिटारवाले त्याला सिंगल कॉइलचा आवाज म्हणतात.

आम्ही किंमत विचारली. अमेरिकेत बनलेली अस्सल गिटार लाखाच्या पुढे. आम्ही दुकानदाराकडे पाहिले, दुकानदाराने आमच्याकडे पाहिले, आणि दोघेही समजूतदारपणे दुसऱ्या भिंतीकडे वळलो. शेवटी सीताबर्डीच्या बाजारातून त्याच घाटाची एक स्वस्त गिटार साडेआठ हजारांना घेतली. पुण्याला शिकायला निघालेल्या एका मुलाकडून जुना छोटा अँप्लिफायर दोन हजारांना मिळाला. एकूण साडेदहा हजार. पोरीच्या आईने भिशीचे पैसे काढून दिले.

घरी येऊन वायर लावली, बटण दाबले, आणि जो आवाज निघाला तो पत्र्याच्या डब्यावर खिळा ओढावा तसा. वरून सतत घुंई, घुंई. लेकीने पंधरा मिनिटे इकडचे बटण तिकडे करून पाहिले. मग गिटार पलंगावर ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. आमची आई म्हणाली, "काहून रडून राहिली वो?" लेक म्हणाली, "आजी, आपल्या घरी स्वस्तातलंच येते. चांगला आवाज महागाच्या गिटारीतूनच निघत असतो."

वाचकहो, हे वाक्य आमच्या जिव्हारी लागले. गिटारीचे जाऊ द्या. पण चांगले ते आपल्यासाठी नाही, हे वाक्य आमच्या आजोबांनी ऐकले, बाबांनी ऐकले. ते पुन्हा आमच्याच घरात, आमच्याच लेकीच्या तोंडून ऐकायचे नव्हते. दुकानात विचारले तर सांगण्यात आले की, यातले पिकअप काढून परदेशी बसवा, बारा हजार लागतील. म्हणजे गिटारीपेक्षा पिकअप महाग. हिशेबाच्या माणसाला हे पटेना. आम्ही ठरवले की आधी हे यंत्र काय आहे ते समजून घेऊ, मग खर्चाचा कागद करू.

गिटारीच्या तारांखाली जी तीन लांबट पट्टीवजा खोकी असतात त्यांना पिकअप म्हणतात. एकेका खोक्यात लोहचुंबक असतो आणि त्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे असतात. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकाचे क्षेत्र हलते आणि वेढ्यांत अतिशय सूक्ष्म वीज तयार होते. मायकेल फॅरेडेने १८३१ साली दाखवलेले तत्त्व हेच, आणि विजेचा मोठा जनित्रही याच तत्त्वावर चालतो. ही सूक्ष्म वीज अँप्लिफायर मोठी करतो. वेढ्यांची गुंडाळी एकच असेल तर तो सिंगल कॉइल. तो तारेचे कंपन अगदी चिंचोळ्या जागेतून टिपतो, त्याचे वेढेही तुलनेने कमी असतात, म्हणून वरचे बारीक स्वर दबत नाहीत आणि आवाज मोकळा निघतो.

पण हीच गुंडाळी घरातल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुणही टिपते. ट्यूबलाइटचा चोक, पंख्याचा रेग्युलेटर, मोबाइलचा चार्जर, सगळ्यांचे बोलणे ती ऐकते. त्यावर उपाय म्हणून गिब्सन कंपनीच्या सेठ लव्हर यांनी १९५५ साली दोन उलट गुंडाळ्या शेजारी ठेवून गुणगुण मारणारा पिकअप तयार केला. गुणगुण गेली, आवाज जाड झाला, पण ती घंटेची धारही कमी झाली. तेव्हा थोडी घुंई हा सिंगल कॉइलचा दोष नव्हे, स्वभाव आहे. पत्र्यावर खिळा ओढल्याचा आवाज मात्र स्वभाव नव्हे.

ज्यांच्या नावाने हा घाट ओळखला जातो त्या लिओ फेंडर यांची हकिगत वाचली तेव्हा आम्हाला फार आनंद झाला. हा मनुष्य मूळचा हिशेबनीस! कॉलेजात अकाउंटिंग शिकलेला. बर्फाच्या कंपनीत खतावणी लिहिली, मग सरकारी रस्ते खात्यात हिशेबाचे काम केले. मंदीच्या काळात नोकरी गेली, तेव्हा उसनवारी करून १९३८ साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी रेडिओ दुरुस्तीचे दुकान टाकले. तिथूनच पुढे १९५४ साली तीन पिकअपची स्ट्रॅटोकास्टर गिटार आली. आणि या गृहस्थाला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. आम्ही लेकीला म्हटले, "पाहा, बाबूलोकांनाही यातलं थोडंफार कळते."

आमच्या गल्लीच्या तोंडाशी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे एक काका बसतात. आता कुणी रेडिओ आणत नाही, मिक्सर आणि कूलरच्या मोटारीच जास्त. आम्ही गिटार घेऊन त्यांच्याकडे गेलो. ते म्हणाले, "बाबू, हे मी कधी खोललं नाही, पण तार आणि डाग म्हटला की सगळं सारखंच." पुढचे तीन रविवार त्यांच्या टपरीवर गेले. काय काय निघाले आणि काय काय केले ते क्रमाने सांगतो, कारण असल्या गिटारी आता अनेक घरांत आहेत.

पहिली गोष्ट तारा. गिटारीवर लाकडी गिटारीच्या कांस्याच्या तारा चढवलेल्या होत्या. दिसायला पिवळ्या, सुंदर. पण कांस्याला चुंबक ओळखत नाही. आतली पोलादी शिर तेवढी ओळखतो. त्यामुळे जाड तारा मुक्या आणि बारीक तारा किंचाळणाऱ्या, असा प्रकार होता. इलेक्ट्रिकच्या, निकेलचा थर दिलेल्या पोलादी तारा आणल्या. अर्धे भांडण तिथेच मिटले.

दुसरी गोष्ट पिकअपची उंची. प्रत्येक पिकअपच्या दोन टोकांना एकेक स्क्रू असतो. तो पेचकसाने फिरवला की पिकअप वरखाली होतो. आमच्या गिटारीत तिन्ही पिकअप तारांना जवळजवळ चिकटले होते. जवळ असले की आवाज मोठा येतो, दुकानात ऐकताना बरा वाटतो, पण कर्कश होतो. आणि चुंबक तारेला ओढू लागला तर सूरही डळमळतो. शेवटच्या पडद्यावर तार दाबून धरायची आणि तार ते पिकअप हे अंतर शाळेच्या फूटपट्टीने मोजायचे. बारीक तारेखाली सुमारे २ मिलिमीटर, जाड तारेखाली अडीच. इथून सुरुवात करून कानाने पाव-पाव फेरा फिरवायचा. या कामाला खर्च शून्य. आमच्या मते सगळ्यांत मोठा फरक याच पेचकसाने पडला.

तिसरी गोष्ट आतली. काकांनी वरचे प्लास्टिक खोलले. सिंगल कॉइलला साधारण २५० किलोओहमचे पॉट, म्हणजे आवाजाच्या बटणाखालचे भाग, लावण्याची रीत आहे. इथे ५०० चे होते. त्यातून टोचणारे बारीक स्वर जास्त सुटतात. तिन्ही बदलले. शिवाय या घाटाच्या गिटारीत शेपटीकडच्या पिकअपला, जो सर्वांत तिखट वाजतो, टोनचे बटण जोडलेलेच नसते. काकांनी स्विचवर दोन इंचांच्या तारेचा एक डाग देऊन खालचे बटण त्याला जोडले. आता ते बटण १० वरून ६ वर आणले की तिखटपणा जातो आणि धार राहते.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, पण तेव्हा आम्हाला तिचे महत्त्व कळले नव्हते. गिटारीच्या पाठीमागे स्प्रिंगांना धरणारी एक लोखंडी पट्टी असते. तिच्यापासून एक तार आत जाऊन आवाजाच्या बटणाच्या पाठीला जोडलेली असते. तिच्यामुळे गिटारीच्या सगळ्या तारा अँपच्या सांगाड्याला, आणि त्यातून जमिनीला जोडल्या जातात. आमच्या गिटारीत हा डाग कच्चा होता, तार सुटली होती. काकांनी पक्का डाग दिला. आत तांब्याची चिकटपट्टी लावून तीही त्याच ठिकाणी जोडली. घुंई निम्मी झाली. काका म्हणाले, "तारेला बोट लावलं की गुणगुण कमी झाली पाहिजे. झाली म्हणजे जोड बरोबर. आणि बोट लावल्यावर झिणझिणलं, तर बाबू, त्याच क्षणी प्लग काढायचा."

उरलेली गुणगुण घालवण्याची युक्ती स्विचमध्येच आहे. जुन्या स्ट्रॅटोकास्टरचा स्विच तीन जागांचा होता. वाजवणारे तो मुद्दाम दोन जागांच्या मधे अडकवून ठेवत, कारण दोन पिकअप एकत्र वाजले की गोड, किंचित नाकातला आवाज येई. १९७७ पासून कंपनीनेच पाच जागांचा स्विच दिला. मधला पिकअप उलटा गुंडाळलेला आणि उलट चुंबकाचा असेल, तर दुसऱ्या आणि चौथ्या जागी गुणगुण मरते. आमच्या गिटारीत ती सोय निघाली. सगळ्या स्वस्त गिटारीत ती असतेच असे नाही, तेव्हा घेताना दुकानातच कानाने पाहून घ्यावे.

शेवटी अँपवरचे ट्रेबलचे बटण ८ वरून ४ वर आणले, गेन जवळजवळ बंद केले आणि गिटारीचे आवाजाचे बटण १० ऐवजी ७-८ वर ठेवले. उरले ते बोटांचे काम. शेपटीजवळ छेडले तर कडक, मानेकडे सरकले तर मऊ, हे लेक स्वतःच शिकली.

आमच्या वहीतला हिशेब असा: तारा ४०० रुपये, तीन पॉट २४०, तांब्याची पट्टी १५०. एकूण ७९०. काकांनी मजुरी घेतली नाही, तीन रविवारचा चहा घेतला. पिकअप तेच राहिले, दुकानातून आले तेच. बडी गाय यांचा आवाज हुबेहूब आला असे आम्ही म्हणणार नाही. पण तिसऱ्या रविवारी रात्री लेकीने मानेकडचा आणि मधला पिकअप एकत्र लावून हळूच एक सूर छेडला, तेव्हा आतल्या खोलीतून बाबा बाहेर आले. नातीजवळ बसले आणि म्हणाले, "हा तर माझ्या बँजोचाच आवाज होय." एवढे बोलून ते भिंतीकडे पाहत राहिले.

इथे लेख संपवता आला असता. पण खरी गोष्ट पुढेच आहे, आणि ती आमच्या चुकीची आहे.

एप्रिलमध्ये आमच्या चौकात जयंतीचा कार्यक्रम असतो. १३ तारखेच्या संध्याकाळी मुलामुलींचा गाण्याचा कार्यक्रम ठरला. लेक गिटार वाजवणार आणि एक गीत स्वतः म्हणणार. मंडळाचे चिटणीस आम्हीच, तेव्हा व्यवस्था आमच्याकडे. साउंडवाल्याचा बोर्ड मंडपाच्या लाइनवर होता. गिटारीचा अँप मात्र आम्ही शेजारच्या घरातून वायर ओढून लावला होता. दुपारी तालीम झाली तेव्हा अँपमधून एक वायर साउंडवाल्याच्या मिक्सरला दिली, आणि घुंई अशी सुरू झाली की गाणे ऐकू येईना. साउंडवरचा पोरगा अनुभवी दिसत होता. तो म्हणाला, "काका, प्लगची तिसरी पिन काढून टाकतो. घुंई बंद होते, नेहमीचंच आहे."

आम्ही मान डोलावली. लेकीचा आवाज स्वच्छ यावा याच्यापुढे आम्हाला त्या क्षणी दुसरे काही सुचले नाही. पिन काढली आणि घुंई खरोखरच गेली. आम्ही त्या पोराला शाबासकीही दिली.

संध्याकाळी साउंडवाल्याने मिक्सरची वायर सैल आहे म्हणून काढली आणि अँपसमोर सरळ माइक ठेवला. हा बदल कुणाच्या लक्षात राहण्यासारखा नव्हता. गर्दी जमली. लेक उभी राहिली, डावा हात तारांवर, आणि म्हणण्यासाठी माइकजवळ तोंड नेले. चट्ट असा आवाज झाला आणि ती मागे कोलमडली. ओठाला चटका, डाव्या हाताला झिणझिण्या. गर्दीतल्या काहींना वाटले की पोरगी घाबरली, आणि कुणीतरी उत्तेजन म्हणून टाळ्या वाजवल्या. ती पुन्हा माइक धरायला निघाली. तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या खुर्चीवरून बाबा उठले आणि जन्मात ऐकला नव्हता अशा आवाजात ओरडले, "माइकले हात नको लावू! वायर काढ आधी!"

आम्ही धावत जाऊन प्लग उपटला.

झाले काय ते काकांनी नंतर समजावले. गिटारीच्या तारा अँपच्या लोखंडी सांगाड्याला जोडलेल्या असतात, आणि सांगाडा तिसऱ्या पिनेने जमिनीला. अँपमधून वीज सांगाड्यावर उतरलीच, तर ती त्या पिनेच्या वाटेने जमिनीत जाते. आम्ही ती वाट तोडली. दुपारपर्यंत मिक्सरच्या वायरीतून का होईना, अँपला जमीन मिळत होती. ती वायर काढली आणि तीही गेली. आता जुन्या अँपची गळकी वीज गिटारीच्या तारांवर थांबली, आणि माइक जमिनीला जोडलेला. मधे दुवा कोण, तर आमची लेक. एका हाताने तारा, ओठाने माइक, आणि मधे काळीज. आपल्या घरातली वीज २३० व्होल्ट असते. दोन बोर्ड वेगवेगळ्या फेजवर असतील आणि दोन्हीकडे बिघाड असेल, तर फरक ४०० च्या आसपास जातो. लेकीच्या वाट्याला गळतीपुरताच झटका आला, म्हणून ती वाचली. परदेशातही अशी माणसे गेली आहेत. स्टोन द क्रोज या स्कॉटिश बँडचे गिटारवादक लेस्ली हार्वी १९७२ साली वेल्समधल्या स्वॉन्सी गावी मंचावरच, अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून मरण पावले.

आम्ही कार्यक्रम थांबवला. लोक कुरकुरले. "एवढ्या-तेवढ्याने काय होते, चालू करा" असेही कुणी म्हणाले. आम्ही माइक न घेता, उभ्याने ओरडून सांगितले की अर्थिंग होईपर्यंत काही वाजणार नाही. इलेक्ट्रिशियन आला. शेजारची वायर काढून सगळे, साउंड, माइक, गिटार, एकाच बोर्डावर घेतले. तीन पिनांचे नवे प्लग लावले, अर्थिंग तपासले, आणि ३० मिलिअँपिअरच्या गळतीला लाइन तोडणारा ब्रेकर बसवला. पाऊण तास गेला.

त्या पाऊण तासात बाबा लेकीजवळ बसून होते. तिच्या ओठाला थंड पाण्याची पट्टी लावत त्यांनी जे सांगितले ते आम्ही पहिल्यांदा ऐकले. १९९१ साल, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचे वर्ष. वस्तीवस्तीत कार्यक्रम. एका रात्री दुय्यम कव्वालीचा सामना होता, मधे पाऊस येऊन गेलेला, सतरंजी ओली. बँजोलाही तारांखाली असाच चुंबक आणि गुंडाळीचा पिकअप बसवलेला. घुंई येते म्हणून कुणीतरी प्लगच काढून उघड्या वायरी खोचल्या होत्या. बाबांनी एका हाताने माइक सारखा करायला घेतला आणि ते मंचावरून खाली फेकले गेले. उजव्या हाताची दोन बोटे तेव्हापासून बधिर आहेत. आम्ही तेव्हा दहा-अकरा वर्षांचे. आम्हाला सांगण्यात आले होते की बाबा पायरीवरून पडले. बँजोला नखी धरायला ती बोटे लागतात. म्हणून बँजो भिंतीवर गेला.

"मग सांगितलं काहून नाही एवढी वर्षं?" आम्ही विचारले.

बाबा म्हणाले, "सांगितलं असतं तर तुम्ही पोरांनी कधी गाण्यात पाय टाकला नसता. आणि ज्याने वायर खोचली तो आपलाच माणूस होता. त्याले काय माहीत होतं?"

आम्हाला मान वर करता आली नाही. दुपारी आम्हीही तेच केले होते, आणि आम्ही तर शिकलेले. ७९० रुपयांचा पैन् पैचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाने एका पिनेचा हिशेब ठेवला नव्हता.

कार्यक्रम नंतर झाला. थोडी घुंई परत आली होती. लेकीने स्विच चौथ्या जागी नेला, अँपपासून दोन पावले बाजूला सरकली, अंग थोडे वळवले, आणि घुंई एवढी खाली गेली की ढोलकीखाली ती कुणाला ऐकूही आली नाही. तिने गीत म्हटले. आम्ही बापाच्या मायेने ऐकत होतो, तेव्हा आमच्या मताला फारसा अर्थ नाही. पण कार्यक्रमानंतर म्हाताऱ्या मंडळींनी बाबांना येऊन विचारले, "हा बँजो कोण वाजवत होता?"

म्हणून वाचक बंधू-भगिनींना आमची विनंती आहे. घरात मूल गिटार मागत असेल तर स्वस्ताची लाज बाळगू नका. तारा योग्य लावा, पिकअपची उंची मोजा, आतले डाग एखाद्या जाणत्या मेकॅनिककडून पक्के करून घ्या, आणि पिकअप बदलण्याचा विचार त्यानंतर करा. बहुतेक वेळा ती गरज उरणार नाही. पण जिथे जमिनीला जाणारी तार आहे, तिथे काटकसर करू नका आणि घाई करू नका. घुंई आली तर सगळी यंत्रे एकाच बोर्डावर घ्या, ट्यूबलाइट आणि चोकपासून दूर उभे राहा, स्विचची दुसरी-चौथी जागा लावून पाहा. तिसरी पिन कुणालाही काढू देऊ नका, मग तो कितीही अनुभवी असो. मंडळांच्या पदाधिकाऱ्यांनी मंडप आणि साउंडच्या ठेक्यात अर्थिंग आणि ब्रेकर ही बाब लेखी घालावी. आमच्या मंडळाने तसा ठराव केला आहे, आणि आता इलेक्ट्रिशियनने तपासल्याशिवाय माइक चालू होत नाही.

बँजो मे महिन्यात भिंतीवरून उतरला. जपानमध्ये नागोया शहरात १९१२ साली निघालेल्या ताइशोगोतो नावाच्या वाद्याचा तो नातेवाईक, हे लेकीने शोधून काढले. तारा गंजल्या होत्या, त्या बदलल्या. काकांनी त्याचाही कच्चा डाग पक्का केला. बँजोत डाव्या हाताने बटणे दाबायची असतात आणि उजव्याने छेडायचे असते. बाबांचा डावा हात अजून चांगला चालतो. संध्याकाळी ते बटणे दाबतात आणि नात शेजारी बसून नखीने तारा छेडते. कधी ताल चुकतो, मग दोघे एकमेकांवर रागावतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात.